हेराल्डच्या काचेची चौकट

"मले एक माणूस शोधून पायजे," शेषराव म्हणाले. "त्याचं तोंड मी कधी पाह्यलं नाही. पत्ता मालूम नाही. नाव नत्थुजी सांगे, ते खरं का खोटं, तेही मालूम नाही."

वरूडचे हे जुने संत्रेवाले शेतकरी अमरावतीत शकुन वानखडेच्या कचेरीत अवघडून बसले होते. शकुन खासगी तपास करायची. तिच्यासोबत गोपाल असायचा. एसटीतली ड्रायव्हरकी संपल्यापासून तो तिची गाडी चालवी आणि प्रत्येक प्रकरणात आधी भलत्याच माणसावर संशय घेई. ही आपली खोड त्यालाही ठाऊक होती, पण ती जात नव्हती.

शेषरावांनी हकीकत सांगितली. त्यांच्या वडलांची उघड्या टपाची हेराल्ड गाडी होती, पांढरी शुभ्र. वडील गेले, गाडी बैलबंडी ठेवायच्या बंडीखान्यात पडून गंजली. बायको सुंदराबाई वारल्यावर घर खायला उठलं, तेव्हा त्यांनी गाडी पुन्हा उभी करायला घेतली. इंजिन सुरू झालं. पण उघड्या टपाच्या गाडीचं सामान कुठेच मिळेना. मुंबई-पुण्याचे दुकानदारही नाद सोडा म्हणाले.

अशात एका रविवारी नत्थुजीचा फोन आला. तुम्ही भंगारबाजारात चौकशी करता असं कानावर आलं, डिकीचं झाकण भातकुलीच्या एका गॅरेजात आहे, जाऊन पाहा. झाकण खरंच तिथे होतं. मग टपाच्या कमानी बार्शीटाकळीला सापडल्या. तेव्हापासून दर रविवारी फोन. नत्थुजीची खबर एकदाही खोटी ठरली नाही. राहिली होती फक्त समोरच्या काचेची चौकट. तिचाही ठावठिकाणा पुढच्या रविवारी सांगतो म्हणाला आणि नंबरच बंद झाला.

"पैसे किती मागत होता?" गोपालनं विचारलं. हा सरळ फसवणुकीचा मामला आहे, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

"चहासुद्धा मागतला नाही."

शकुननं आवाज कसा होता ते विचारलं. घोगरा, कुजबुजल्यासारखा, शेषराव म्हणाले. बोलता बोलता तो थांबायचा, मागून एक बाई पाणी घ्या म्हणायची.

"गाडी पाहायला आला होता?"

"मी लय बोलावलं. फोटो पाठोतो म्हटलं, तर तेही नको म्हणे. एकदा हासत फक्त इतकं विचारलं, डावा दरवाजा अजून उचलूनच लावा लागते काय."

"लागतो?"

"लागते ना. पह्यल्यापासून."

गोपालला त्यात काही विशेष वाटलं नाही. शकुननं मात्र उठून गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली.

वरूडच्या बंडीखान्यात हेराल्ड उभी होती. पांढऱ्या अंगावर नवी आणलेली डिकी आणि कमानी काळ्या दिसत होत्या. शकुननं नखानं डिकीची कड खरवडली. काळ्या रंगाखाली फिका निळा निघाला. कमानींच्या बुडाशीही तोच निळा होता.

"ह्या गाडीत कोण कोण बसलेलं आहे?" तिनं विचारलं.

शेषरावांनी थोडा विचार केला. वडील, सुंदराबाई, ते स्वतः. मग आवाज बदलून म्हणाले, "अन् लहाना भाऊ, खुशाल. वाटणीत भांडण झालं, तवापासून त्याचं नाव माह्या घरात कोणी काढत नाही. भाऊबंदायलेही मी बजावलं हाय."

भातकुलीचा गॅरेजवाला आधी उडवाउडवी करत होता. झाकण कधीचं पडून होतं म्हणाला. त्याच्या गॅरेजात सगळं ट्रॅक्टरचं सामान होतं. कारचा एक स्क्रूही दिसत नव्हता. हाच नत्थुजी, गोपाल शकुनच्या कानात पुटपुटला. पण माणसाचा आवाज खणखणीत होता. शकुननं थोडं दटावल्यावर तो कबूल झाला: एक म्हातारी ऑटोत घालून ते झाकण ठेवून गेली. वरूडचे पाहुणे येतील, त्यांना द्या, पैसे घ्याल ते तुमचे, एवढंच तिचं सांगणं.

बार्शीटाकळीचा भंगारवाला योगेश जास्त बोलका निघाला. तीच म्हातारी, कपाळावर गोंदलेली.

"मी म्हटलं, बाई, पाहुण्याचं नाव सांग. तर तिनं डोक्यावर पदर घेतला अन् म्हणे, ज्याच्या डोक्शावर धरती हाय त्याचं नाव. आता काय समजाव माणसानं?"

"वेडी असंन," गोपाल म्हणाला.

शकुन हसली नाही. निघता निघता तिनं योगेशकडून म्हातारीच्या ऑटोवाल्याचा पत्ता काढला, तो अकोल्याचा निघाला. दुसऱ्या दिवशी ती एकटीच अकोल्याला जाऊन आली आणि आल्यावर तिनं शेषरावांना फोन लावला. नत्थुजीचं घर सापडलं आहे, चला, असं तिनं सांगितलं. सापडल्याचा आनंद तिच्या आवाजात नव्हता.

अकोल्याच्या एका जुन्या वस्तीत ती त्यांना घेऊन गेली. अंगणात एका टिनाच्या शेडखाली तेलाचे काळे डाग पडले होते. त्यांच्याभोवती निळ्या रंगाचे पापुद्रे विखुरले होते. शेषराव खाटेवर बसले आणि उत्सुकतेनं दाराकडे पाहू लागले.

"शेषरावजी, आधी माझं ऐका," शकुन म्हणाली. "झाकण भातकुलीचं, कमानी बार्शीटाकळीच्या. पण काळ्याखाली दोन्हींवर रंग एकच, निळा. म्हणजे सगळं सामान एकाच गाडीचं. कोणी तरी आपली गाडी मोडून एकेक भाग तुमच्या वाटेवर ठेवत होता. तुमच्या हातात थेट का दिला नाही?"

शेषरावांची नजर दारावरून शेडखालच्या पापुद्र्यांवर गेली.

"कारण त्याच्या हातून तुम्ही घेतला नसता. डावा दरवाजा उचलून लावावा लागतो हे त्याला माहीत होतं, म्हणजे तो तुमच्या गाडीत बसलेला होता. मग ती म्हातारी. डोक्यावर धरती कोणाच्या? शेषाच्या. तिला तुमचं नाव माहीत होतं, पण ती उच्चारत नव्हती, पदर घेत होती. बाई अशी कोणाचं नाव घेत नाही? नवऱ्याचं, सासऱ्याचं, नाही तर भासऱ्याचं, म्हणजे थोरल्या दिराचं. सुंदराबाई राहिल्या नाहीत. सासरे म्हणावं एवढं तिच्या-तुमच्यात वयाचं अंतर नाही. उरले भासरे. आणि भाऊ तुम्हाला एकच."

"खुशाल," शेषराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कुठं हाय तो?"

दारात गोंदलेल्या कपाळाची एक बाई येऊन उभी होती. मनकर्णाबाई. शेषरावांना पाहून त्यांनी पदर पुढे ओढला आणि शकुनकडे तोंड करून बोलू लागल्या.

"त्यायले सांगा, घशाचा कॅन्सर होता. वाटणीनंतर हेका म्हणून तशीच गाडी आणली होती नागपूरहून, निळी. कधी फिरवली नाही. बीमार पडल्यावर कानावर आलं का भासरे सामान हुडकून राह्यले, तर खोलाले बसले. हातात पाना धरवत नव्हता."

"मले खबर काहून नाही दिली?" शेषरावांनी शकुनलाच विचारलं.

"त्यायचाच निरोप होता ना," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मेल्याचीही खबर देऊ नका म्हणून. माह्या घरच्यायनं मरेपर्यंत तो पाळला."

चौकटीबद्दल कोणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी स्वतःच सांगितलं. नवरा गेल्यावर बाकीची गाडी त्यांनी भंगारात घातली. गॅस कटरनं तिचे तुकडे करून लोक घेऊन गेले, त्यात चौकटही गेली. "मोबाइलही मीच बंद केला. तो वाजला का माह्या अंगाचा भडका होये. ज्याच्यासाठी हा माणूस झिजला, त्याले आपण कोणासंग बोलून राह्यलो हेही समजे नाही."

गोपाल शकुनकडे पाहू लागला. ती आता काहीतरी तोडगा सांगेल, असं त्याला वाटत होतं. आजवर प्रत्येक प्रकरणात तिच्याकडे काहीतरी असायचं. ती फक्त बाजूला सरकली.

शेषराव उठले, शेडखाली गेले. एक निळा पापुद्रा उचलून त्यांनी बोटांत धरला. तो लगेच चुरला.

"दर रविवारी बोलत होतो मी त्याच्यासंग," ते म्हणाले. "नट विचारले, बोल्ट विचारले. त्याचा आवाज बसत चालला होता, मले ऐकू ये ना. पण एकदाही विचारलं नाही, बापू, तुह्या घशाले काय झालं."

मनकर्णाबाईंनी यावेळी शकुनकडे पाहिलं नाही. पदर तसाच पुढे होता, पण तोंड सरळ शेषरावांकडे होतं.

"त्यायले दर खेपेले वाटे," त्या म्हणाल्या, "आज तुमी विचारसान."