डावीकडचं वळण

मोटारसायकल नेहमीच्या जागी बंद पडली. घर दिसायला लागतं, तिथल्या डाव्या वळणावर.

ती उतरली आणि ढकलू लागली. दिवसभर हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" म्हणून म्हणून तिचा स्वतःचाच श्वास संपत आला होता. त्यात ही गाडी वडिलांची, वयाने तिच्याहून मोठी, लोखंडाची कंजुषी न करण्याच्या काळातली.

"पेट्रोल आहे ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"आहे. तुमच्याआधी तिघांनी विचारलं."

"मग ढकलतोच. मला दुसरा प्रश्न येत नाही."

तिने मान वळवली. खांद्याला हत्यारांची पिशवी, बाहीवर ग्रीस, आणि डोळे असे की उभ्या उभ्या झोपेल. हॉस्पिटलची लिफ्ट दुरुस्त करायला येतो तो. तिने त्याला पाहिलं होतं... म्हणजे त्याचे पाय पाहिले होते. बाकीचा तो कायम लिफ्टच्या खाली असायचा.

"तुम्ही फार दमलेले दिसता," ती म्हणाली.

"तुम्हीही. दोघं मिळून एक धडधाकट माणूस होतो, असं धरून चालू."

फाटकाशी वडील काठी टेकत उभे होते. आजारपणात डावा हात लुळा पडला, क्लच दाबता येईना, तेव्हा गाडी लेकीकडे आली होती.

"पुन्हा?" ते म्हणाले. "प्लग नवा, बॅटरी नवी, कॉइल नवी. आता एकदा धड चालू दे, की विकून टाकतो. गिऱ्हाईक तयार आहे. पोरीची दमछाक बघवत नाही मला."

"तापली की कुठेतरी करंट तुटतो, असं मला वाटतं," ती म्हणाली. "हॉस्पिटलपासून या वळणापर्यंत ती बरोब्बर तेवढी तापते."

लिफ्टवाल्याने इंजिनावर हात ठेवला, चटका बसला तसा काढला. "मग तापवून बघू. उद्या संध्याकाळी येऊ?"

प्रश्न गाडीचा होता. बघत मात्र तो तिच्याकडे होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं ठरूनच गेलं. गाडी स्टँडवर लावायची, चालू करायची, आणि पायरीवर बसून ती बंद पडायची वाट बघायची. बंद पडली की तो दोन तारांचा छोटा बल्ब लावून करंट कुठवर येतो ते शोधणार होता. पण गाडी बंद पडेच ना. तापली, आणखी तापली, आणि शहाण्या मुलीसारखी टकटकत राहिली.

"बंद पडायची वाट बघायला मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं," तो म्हणाला. "एरवी लोक बंद पडल्यावर बोलावतात, तेही शिव्या घालत."

"लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी काय बोलता?"

"विचारतो, जेवलात का. काय खाल्लं ते आठवायला लागले की घाबरायचं विसरतात." मग तिच्याकडे वळून, "तुम्ही... जेवलात का?"

"मी अडकलेली नाहीये."

"नाही, तसं नाही. असंच विचारलं."

ती दिवसभर लोकांना विचारायची, कुठे दुखतंय. तिला असं काही कुणी विचारल्याला किती काळ झाला, ते तिला आठवेना. "नाही जेवले," ती म्हणाली. मग दोघं जास्त काही बोललेच नाहीत. बोलायला ताकद लागते, आणि ती दोघांचीही कामावर संपलेली असायची. पण त्या गप्प बसण्याला काही उणं नव्हतं.

एका संध्याकाळी ती भिंतीला टेकल्या टेकल्या झोपली. जागी झाली तेव्हा सगळं शांत होतं. ती दचकून उठली. "बंद पडली?"

"मी बंद केली. तुम्हाला डोळा लागला होता."

"अहो, प्रयोग बिघडवलात."

"हो," तो म्हणाला. त्याला त्याचं जराही वाईट वाटलेलं दिसलं नाही.

मग एकदा शेजारच्यांना त्यांची गाडी बाहेर काढायची होती. लिफ्टवाल्याने मोटारसायकल चालू ठेवूनच स्टँडवरून उतरवली आणि बाजूला घेण्यासाठी हँडल डावीकडे वळवलं. इंजिन बंद. त्याने हँडल सरळ केलं, किक मारली. चालू. पुन्हा डावीकडे. बंद.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"लिफ्टच्या पोटाखाली एक केबल लोंबते," तो सावकाश म्हणाला. "दिवसभर वाकते, सरळ होते, वाकते. एक दिवस आतली तांब्याची तार तुटते. वरचं रबर जसंच्या तसं. बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. टोकं एकमेकांना टेकलेली असतात तोवर चालतंही."

"हँडलच्या मानेतून जाते, ती तार."

"तीच असणार."

"म्हणजे तापण्याचा काही संबंध नव्हता. आणि स्टँडवर हँडल आपण कधी वळवलंच नाही." तिला स्वतःचा राग आला. "इतक्या संध्याकाळी..."

"वाया गेल्या असं मी नाही म्हणणार," तो म्हणाला, आणि पान्हे उगाच खालीवर करत बसला.

त्याने वीतभर तार सोडवून काढली. "सोलून बघू?"

"नको," ती चटकन म्हणाली. "उद्या मी हॉस्पिटलात बघते."

सोलली असती तर आजच सगळं संपलं असतं. गाडी चालू, गाडी विकलेली, पायरी रिकामी. तिने एक दिवस मागून घेतला होता, आणि हे तिला नीट कळत होतं.

दुसऱ्या दिवशी शेवटचा पेशंट गेल्यावर तिने ती तार टेबलावर ठेवली, मनगटं ठेवतात तिथे. सवयीने फिल्मवर डावी बाजू दाखवणारी शिशाची खूणही शेजारी ठेवली. श्वास धरून ठेवायला सांगायला तिथे कुणी नव्हतं. तो तिनेच धरला.

फिल्मवर पांढरी रेघ होती, आणि मध्ये केसाएवढी काळी फट. मोडलेली हाडं ती रोज बघायची. ही एक फट मात्र दिसली नसती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

संध्याकाळी त्याने फिल्म दाराच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली. "फ्रॅक्चर," तो म्हणाला.

"हो."

"प्लास्टर?"

"नवी तार घाला."

त्याने घातली. हँडल डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. इंजिन चालतच राहिलं. दोघांपैकी कुणीही हसलं नाही.

"झाली का?" वडील बाहेर आले. "मग उद्याच बोलावतो गिऱ्हाइकाला."

लिफ्टवाला हत्यारं पिशवीत भरू लागला. फार सावकाश. एकेक पान्हा पुसून.

आडून आडून बोलायलाही उभारी लागते. ती तिच्यात उरली नव्हती. "बाबा, विकायची नाही."

"का गं? दमतेस ना?"

"दमते. पण संध्याकाळी... हे येतात, तेव्हा बरं वाटतं." रिपोर्ट सांगावा तशा आवाजात ती बोलली. मग तिचे कान तापले.

पिशवीत काहीतरी खणकन पडलं. वडिलांनी लिफ्टवाल्याकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

"काका, माझं घर या बाजूला नाही," तो पिशवीतच बघत म्हणाला. "पहिल्या दिवशी या रस्त्यावरच्या एका लिफ्टचं काम होतं. त्यानंतर... कुठलंच नव्हतं."

वडील जरा वेळ काठीशी चाळा करत राहिले. "गाडी चालवून बघायला नको का?" ते म्हणाले आणि आत गेले.

ती पुढे बसली, तो मागे. बारीक भुरभुर सुरू झाली होती. कोपऱ्यावर तिने गाडी डावीकडे घेतली. बंद पडली नाही. पुन्हा डावीकडे, मग आणखी एकदा. असं घरांना वळसा घालत ती फाटकापाशी परत येईतो त्याचं कपाळ अलगद तिच्या खांद्यावर आलं होतं.

"झोपलात?"

"नाही... टेकलोय."

समोर घराचा दिवा होता. तिने ब्रेक दाबला नाही. हळूच, त्याला धक्का बसणार नाही अशा बेताने, तिने पुन्हा डावीकडचं वळण घेतलं.