जास्तीची तेरा मिनिटं

चावी तशी वर्षभरापासूनच शेवटच्या घटका मोजत होती. बटणावरचं रबर झिजून भोक पडलेलं, कवच दुभंगलेलं, आणि त्याला गुंडाळलेली निळी पट्टी — लोकांच्या गुडघ्यांना लावायची, तीच! फिजिओथेरपिस्टच्या चावीवर उपचारही तिचेच. पण त्या सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा गुडघा वाकवून ती खाली आली, चावी फिरवली, आणि गाडीने चक्क कानांवर हात ठेवले.

पुन्हा फिरवली. नाही. केसातली पिन काढून बटणाच्या भोकात खुपसली. नाही. दहा वाजता पुढच्या घरी एक आखडलेला खांदा तिची वाट बघत होता. घरी तिला ठिणगी म्हणायचे ते काही उगाच नाही. तिने स्टिअरिंगवर एक चापट मारली. हॉर्न तेवढा वाजला.

"मॅडम, गाडी जरा पुढे घेता का?" खिडकीशी कोणीतरी वाकलं होतं. "दुकान उघडायचंय."

"घेता आली असती तर इथे हौसेने बसले असते का मी?"

"काय झालंय?"

"चावी चालत नाहीये! दिसत नाही?"

"दिसतंय ना," तो म्हणाला आणि बोटाने वर दाखवलं.

तिने मान बाहेर काढली. बंद शटरच्या वर हातभर लांब चावी रंगवलेली, आणि खाली ठळक अक्षरांत — 'सर्व गाड्यांच्या चाव्या करून मिळतील.'

तो ओठ दाबून हसू आवरत होता, पण डाव्या गालावरच्या खळीने चुगली केलीच. तिला त्या खळीचासुद्धा राग आला.

चावीवाल्याने निळी पट्टी इतक्या हळुवारपणे सोडवली, की जणू खाली खरंच दुखत असावं. "आतली चिप पडलीय कुठेतरी. तांदळाच्या दाण्याएवढी असते. ती नसली की गाडी चावीला ओळख देत नाही. नवी करावी लागेल. दुसरी चावी आहे ना?"

"नाही."

"घरी कुठे ठेवलेली वगैरे? कारण नवी चावी नोंदवताना सगळ्या चाव्या समोर लागतात. जी समोर नसेल, तिला गाडी विसरते."

"नाही म्हटलं ना!"

"नक्की?"

"सगळ्यांना असं तीन-तीनदा विचारता?"

"नाही. जे विचार न करता 'नाही' म्हणतात, त्यांनाच."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर पळालाच असता. दुसरी चावी होती... बाबांची. आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलेला माणूस, अर्ध्या गावाला गाडी शिकवलेली. चार महिन्यांपूर्वी काचबिंदूने दोन्ही बाजूंचं दिसेनासं झालं, समोरचं तेवढं उरलं, डॉक्टर म्हणाले गाडी बंद, आणि तिने त्यांच्यापुढे हात पसरला — बाबा, चावी द्या. "हरवली," ते म्हणाले होते. ती चिडली, ते चिडले. तेव्हापासून घरात बोलणं फक्त कामापुरतं. हरवली तर हरवली!

त्याने स्टिअरिंगखाली मशीन जोडलं. "पंधरा मिनिटं लागतील. चहा घेणार?"

"नको."

"मी दोन सांगतो. तुम्ही चिडून पिऊ नका, म्हणजे मला दोन मिळतील."

तिने प्यायला. हट्टाने. दोघं पुढच्या सीटवर, मधे मशीनचा छोटासा हिरवा दिवा, काचेवर बारीक भुरभुर... आणि तिचं लक्ष सारखं त्याच्या उजव्या खांद्याकडे जात होतं. शेवटी राहवलं नाही.

"तो खांदा असा कानापर्यंत चढवून का बसता?"

"काम करता करता... सवय."

"वाईट सवय आहे. सोडा खाली. अजून." तिने तळव्याने खांदा दाबून खाली बसवला. "भिंतीला पाठ टेकून रोज दहा वेळा असं करायचं. कळलं?"

"कळलं," तो अगदी हळू म्हणाला. "पण... बरोबर जमतंय की नाही, हे बघणार कोण?"

तिने पटकन हात काढून घेतला. मशीन वाजलं. गाडी एका झटक्यात सुरू झाली. काय मेलं वेळेवर झालं!

पुढचे आठ दिवस तिचा वैताग वाढतच गेला. चावी बिघडेना! बटण दाबलं की दिवे लुकलुकत, दुरून दाबलं तरी लुकलुकत. कामात जरा तरी खोट ठेवावी की नाही माणसाने? दोनदा ती त्या रस्त्याने विनाकारण गेली, आणि दोन्ही वेळा शटरवरची ती रंगवलेली चावी तिला दात दाखवत होती.

नवव्या दिवशी सकाळी ती जिना उतरत होती. खाली गाडीजवळ बाबा उभे होते. हात लांब करून, बोट दाबून. गाडी गप्प. पुन्हा दाबलं. गप्पच. मग त्यांनी चावी शर्टाला पुसली, दुसऱ्या हातात घेतली, परत दाबली.

"बाबा? ही... सापडली तुम्हाला?"

ते दचकले. चावी मुठीत लपवायला गेले, आणि मग लपवलीच नाही.

"बॅटरी गेली असेल म्हटलं," ते म्हणाले. "नवी घातली. तरी नाही. आता गाडीसुद्धा ओळखेना मला." आणि भिंतीला हात लावत लावत वर निघून गेले.

चावीवाल्याचं ते 'गाडी विसरते' ठिणगीला आठवलं. पण स्वतःवर चिडण्यापेक्षा दुसऱ्यावर चिडणं केव्हाही सोपं. ती थेट दुकानात.

"तुमच्यामुळे! माझ्या बाबांची चावी बाद झाली! सांगायला काय झालं होतं?"

तीन वेळा विचारलं होतं, हे तो म्हणू शकला असता. त्याने ते म्हणावं म्हणून तिने वाटही पाहिली — भांडायला सोपं गेलं असतं. त्याने फक्त काउंटरवरचं मशीन उचललं.

"बाबा घरी असतील आत्ता?"

शटर ओढून तो तिच्याबरोबर निघाला. खांदा खाली होता. रोज दहा वेळा केलेलं दिसत होतं.

बाबांना खाली आणलं. त्यांनी मान वळवून, उरलेल्या नजरेत त्याचा चेहरा धरला. "अरे! रिव्हर्स घेताना डोळे मिटायचास तो तूच ना?"

"हो सर." तो कानापर्यंत लाल. "अजूनही मिटतो."

चार महिन्यांत बाबा पहिल्यांदा हसले. तिने चावीवाल्याला बाजूला ओढलं. "ऐका. याच्यात दार वेगळं नि इंजिन वेगळं नोंदवता येतं ना? फक्त दाराचं करा. गाडी सुरू व्हायला नको. आणि त्यांना काही सांगायचं नाही."

"होतं तसं. पण सरांना सांगून करीन."

"सांगायचं नाही म्हणून तर...!"

"मग नाही जमणार. लोक त्यांच्या घराच्या चाव्या माझ्या हातात देतात. मी खोटं बोलत नाही."

"चावीवाले आहात की न्यायाधीश?"

"डोळे गेलेत माझे, कान नाही," पलीकडून बाबा म्हणाले. "चार महिने चावी माझ्याच खिशात होती, ठिणगे. खोटं बोललो मी. तू दुपारी जवळपासच्या पेशंटांकडे चालत जायचीस तेव्हा रोज गाडीत येऊन बसायचो. रेडिओ लावायचो, आरसे पुसायचो. एकदा तरी इंजिन चालू केलं? मला कळतं गं, मला दिसत नाही ते. मीच तर लोकांना नापास करायचो. पण तू मागितलीस ना, तर असं वाटलं... की आता सगळंच काढून घेणार माझ्याकडून."

ती बाबांच्या गळ्यात पडली आणि लहानपणी रडायची तशी मोठ्याने रडली. "चुकलं बाबा. विचारायला हवं होतं मी. मी नुसतीच चिडले." मग नाक पुसत मागे वळली. "पूर्ण नोंदवा. दार, इंजिन, सगळं."

बाबा म्हणाले, "तुमचं चालू दे, मी जरा पाय मोकळे करतो." ती दोघं गाडीत बसली. त्याने मशीन जोडलं, दोन्ही चाव्या समोर धरल्या. हिरवा दिवा लागला. आता पंधरा मिनिटं... कुठून सुरुवात करावी, ती शब्द जुळवू लागली. आणि मशीन वाजलं. बाहेर फेऱ्या मारणाऱ्या बाबांच्या हातात त्याने खिडकीतून त्यांची चावी ठेवली.

तिने घड्याळ पाहिलं. "झालं?"

"हं."

"दोन चाव्या, दोन मिनिटं? मागच्या वेळी एकीला पंधरा लागली होती."

तो स्टिअरिंगखाली उगाच काहीतरी शोधू लागला.

"ओ न्यायाधीश! तुमच्याशी बोलतेय."

"काम... दोन मिनिटांचंच असतं," तो तळाशी बघत म्हणाला.

"मग उरलेली तेरा?"

"ती माझ्यासाठी होती." त्याने मान वर केली. खळी नव्हती, नुसतेच घाबरलेले डोळे. "आयुष्यात एवढी एकच थाप मारली. तुम्ही इतक्या छान चिडत होतात, की... अजून जरा वेळ बघावंसं वाटलं. आठ दिवस वाट बघतोय, चावी बिघडेल म्हणून."

"बिघडेल कशी? इतकी चांगली कोणी करून ठेवली?" ती उसळली. "दोनदा येऊन गेले तुमच्या दुकानावरून. जराही अक्कल नाही तुम्हाला!"

"नाही," तो आनंदाने म्हणाला.

तेवढ्यात 'खट्' झालं. चारही दारं एकदम बंद. बाहेर बाबा, हात लांब करून, चावी रोखून उभे. गाडीचे दिवे लुकलुकले.

"ओळखते रे बाबा, ओळखते!" ते ओरडले. खिडकीची काच अर्धी उघडीच होती, आणि कान तर शाबूत होतेच. "तेरा मिनिटांनी उघडतो मी!"

आणि ते जिन्याकडे निघाले. दार आतून उघडता येतं, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. कोणीच दाराला हात लावला नाही.