झाकणांची अदलाबदल

इन्क्युबेटरच्या दाराकडे माझा हात गेला आणि त्याच क्षणी त्याचाही. शेजारच्या लॅबमधला हा संशोधक, त्यांचा इन्क्युबेटर बिघडल्यामुळे आपल्या पेशी घेऊन आमच्याकडे आला होता. सगळे त्याला पाहुणाच म्हणायचे.

"तुम्ही दर तासाला दार उघडता," तो म्हणाला. "पेशींना गारठा लागत असेल."

"त्यांना माझी सवय आहे."

आई म्हणते, माझ्या पायाला भिंगरी आहे. पण या वेळी जीव खरंच टांगणीला लागला होता. कॅन्सरच्या मूळ पेशी एका प्रथिनाच्या जोरावर तग धरतात, आणि ते प्रथिन मोडीत निघू नये म्हणून एक एन्झाइम त्याची पाठराखण करतं. मी दोन प्लेटमध्ये या पेशी वाढवत होते, एकीत औषध घालून, दुसरीत न घालता. त्या एन्झाइमलाच औषधाने रोखलं, तर दहा दिवसांनी औषधाच्या प्लेटमध्ये पेशी वाढून झालेले गोळे दिसायला नकोत. तसं झालं तर आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडम काम पुढे चालू ठेवणार होत्या, नाहीतर विषय बंद.

त्या दहा दिवसांत मी खाली पाडलेलं पेन तो उचलून द्यायचा... बोटांना बोटं लागायची, आणि आम्ही दोघंही घाईघाईने पेशींबद्दल बोलायचो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

दहाव्या दिवशी औषधाच्या प्लेटमध्ये एकही गोळा नव्हता. उद्या सगळ्यांसमोर मांड, असं मॅडम म्हणाल्या. मी हवेतच होते.

तेवढ्यात तो चेहरा पाडून कबुली द्यायला आला. चौथ्या दिवशी त्याच्या हातून माझ्या दोन्ही प्लेटची झाकणं निघाली होती आणि त्याने ती अंदाजाने परत लावली होती. नावं मी झाकणांवरच लिहिलेली. तळावर लिहायचं, हे पहिल्या आठवड्यातच शिकवतात. आता औषध नक्की कुठल्या प्लेटमध्ये होतं, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"सहा दिवस गप्प बसलास?"

"घाबरलो. तू बोलणं टाकशील म्हणून."

"मग आता तरी कशाला सांगितलंस? कुणालाही कळलं नसतं." मला रागाने रडूच फुटलं.

"उद्या तू माझ्यामुळे खोटं बोलली असतीस." तो अडखळला. "तू... आवडतेस मला."

मी थेट मॅडमकडे गेले आणि झाकणांवर नावं लिहिल्याचं कबूल केलं. त्यांनी आणखी दहा दिवस दिले. शेवटचे.

ते दिवस सरता सरेनात. त्याचा इन्क्युबेटर दुरुस्त झाला, तो गेला, आणि मला काही सुचेना. अकराव्या दिवशी मी धावतच त्याच्या लॅबमध्ये शिरले.

"निम्मेच गोळे कमी झालेत," मी म्हणाले. "पण खरे. मॅडम म्हणाल्या, चालू ठेव."

तो हसला. मग त्याने हळूच विचारलं, "आणि माझं काय?"

"तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही." मी त्याच्या शेजारचं स्टूल ओढून बसले. "पण तूही आवडतोस मला. दोन्ही एकदमच."