उजवीकडची पट्टी

विश्वास ठेवाच, अशी गळ मी घालणार नाही. पण माझी मावशी खोटं बोलत नाही. आणि हे सांगताना ती पाण्याचा पेला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती.

रविवार होता. भर दुपार. घराच्या मागच्या बाजूची तिची कामाची खोली, लोकरीच्या गुंड्यांनी भरलेली. एक दार, एक गजांची खिडकी.

मावशी विणकाम शिकवते. तिचा आणि तिच्या थोरल्या जावेचा मिळून एक ब्लॉग होता. नमुने थोरलीचे, लिहिणं मावशीचं. पानाच्या उजवीकडे एक पट्टी, तिच्यात थोरलीचा हसरा फोटो.

थोरली हिवाळ्यात गेली.

तरी वाचक विचारायचेच, "ताईंचा नवा नमुना कधी?" दर वेळी 'त्या गेल्या' असं लिहून मावशी मेटाकुटीला आली होती. त्या दुपारी तिने ठरवलं, ब्लॉगचं रूपच पालटून टाकायचं.

कोड तिला जुजबी येत होता. रंगाचा आकडा बदलला, राखाडी पान पिवळंधमक झालं. अक्षरं मोठी केली. मग उजव्या पट्टीच्या नावापुढे एक छोटीशी ओळ टाकली. त्या ओळीने पट्टी पुसली जात नाही. ती जागच्या जागीच राहते, फक्त कुणाला दिसत नाही.

सेव्ह केलं.

पट्टी गेली. पान कसं मोकळं झालं.

आणि पंखा फिरत असूनही... त्याचा आवाज येईनासा झाला.

तेवढ्यात काका दारात आले.

"बघा हो, कसं दिसतंय?" मावशी म्हणाली.

काकांनी खोलीभर नजर फिरवली. खुर्चीवरून. तिच्यावरून...

"गेली कुठे ही? पंखा चालू टाकून..." ते पुटपुटले.

त्यांनी पंखा बंद केला. दार ओढलं. बाहेरून कडी लागली.

मावशीला आधी थट्टाच वाटली. काकांना ती खोड आहेच. "पुरे झालं, उघडा आता," ती हसत म्हणाली.

काका दारापलीकडेच उभे होते. फोनवर कुणाला तरी विचारत होते, "आमची ही आलीय का तुमच्याकडे?"

तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं.

काकांच्या बोलण्यात जरासुद्धा खंड पडला नाही.

ती खिडकीकडे धावली. बाहेर शेजारीण कपडे वाळत घालत होती. मावशीने जिवाच्या आकांताने हाक मारली. शेजारणीने मान वर केली... खिडकीकडे पाहिलं... आणि बादलीतून पुढचा कपडा उचलला.

आणि त्या मुक्या खोलीत आवाज सुरू झाला...

टक. टक. टक.

विणकामाच्या सुया. मागच्या कोपऱ्यात, थोरलीच्या रिकाम्या खुर्चीत.

मावशीने वळून पाहिलं नाही. मान वळेचना.

"हाका नको मारूस." आवाज थोरलीचाच. रागाचा नव्हे, थकलेला. "ऐकू जात नाही त्यांना. मीही मारून पाहिल्या. कितीतरी."

सुया थांबल्या.

"निदान त्या पानावर तरी होते गं मी..."

मावशी भिंत धरत कॉम्प्युटरपाशी आली. घाईघाईत ती ओळ शोधू लागली. भलतीच ओळ पुसली गेली, पान पांढरंफटक पडलं. तिने ते कसंबसं परत आणलं. मागे खुर्ची करकरली... मग पावलं... मग खांद्याशी गार श्वास. कुणीतरी तिच्याबरोबर वाचत होतं.

ती ओळ सापडली. पुसली. सेव्ह.

फोटो परत आला.

कडी सरकली. काका आत येऊन बघतच राहिले.

"अगं, इथे आहेस? आत्ता तर पाहून गेलो मी."

"मग परत कसे आलात?"

"तुम्हा दोघींचं बोलणं ऐकू आलं म्हणून..."

काका मध्येच थांबले. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. त्या 'दोघीं'बद्दल घरात पुन्हा कुणी शब्द काढला नाही.

मावशी आता फोन केला की आधी विचारते, "ऐकू येतंय ना माझं?" मी हो म्हटल्याशिवाय पुढे बोलत नाही.

परवाही तिने विचारलं.

"हो गं, येतंय," मी म्हणाले.

ती काही बोलायच्या आत... अगदी तिच्या शेजारून... दुसरा आवाज आला.

"आणि माझं?"

मी फोन ठेवून दिला. उत्तर द्यायला हवं होतं की नाही, मला अजून कळत नाही.