पाहुण्याचा द्रोण

पोळ्याच्या दिवशी सकाळी खुशाल अंथरुणातून उठायला गेला आणि ओरडून खाली बसला. त्याच्या आईनं, प्रेमिलाबाईनं, पांघरूण बाजूला केलं. दोन्ही पाय घोट्यापासून बोटांपर्यंत सुजले होते. कातडी काळपट लाल पडली होती आणि तिच्यावर पाण्यानं टच्च भरलेले फोड आले होते. काही रात्रीच फुटून अंथरुणाला चिकटले होते.

हे पाय सगळ्या मुलखाला ठाऊक होते. सौंदडच्या फुटबॉल टीमनं आजवर जे काही कप आणले ते या पायांच्या जोरावर. आणि याच पायांनी उन्हाळ्यात गोंदियाची वाट धरली होती. तिथल्या एका राइस मिलच्या टीमनं खुशालला बोलावलं, मिलमध्ये कायमची नोकरी दिली. अट एकच होती, खेळत राहायचं. पाय गेले तर नोकरी गेली, आणि नोकरी गेली की मायलेकांनी पुन्हा दुसऱ्याच्या बांधीत धान रोवायला जायचं.

मिलची टीम म्हणजे सौंदडची जुनी वैरीण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघांचा सामना सौंदडच्याच मैदानावर ठरला होता.

निरोप मिळाला तसे ठाणेदार चुन्नीलाल बिसेन सायकल हाणत आले. बरोबर हवालदार मंगरू होता. चुन्नीलाल पवार समाजातल्या शेतकरी घरातले. पाय बघताच ते म्हणाले, "बिब्बा." दवाखान्याच्या डॉक्टरनंही तेच सांगितलं. कातडी भाजणारं बिब्ब्याचं तेल चोळून चोळून आत जिरवलं होतं. जखमा भरतील, पण घोटे पहिल्यासारखे वळतील याची हमी त्यानं दिली नाही.

खुशाल तापानं फणफणला होता. प्रेमिलाबाईच बोलत होती. लेक गोंदियाला गेल्यापासून गावानं तिला कसं वागवलं ते तिनं सांगितलं. दारावर शेण फेकलं. विहिरीवर बायांनी बादली द्यायचं बंद केलं. कालपरवापर्यंत ज्यांच्या खांद्यावर बसून खुशाल गावभर मिरवला, त्यांनीच त्याला गद्दार म्हणून थुंकायला सुरुवात केली. गावाचं प्रेम म्हणतात ते हेच असावं.

"मग हा आला कायले?" चुन्नीलालनं विचारलं.

"मालगुजारानं आवतन देल्लं जी. सन हाय, झालं गेलं विसरू, म्हने. तो एकटाच मानुसकीनं वागला."

मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, जाऊन काही वर्षं झाली होती, तरी शालीकरामला गाव अजून मालगुजारच म्हणायचं. फुटबॉलची टीम त्यानंच उभी केली, आणि पोरं त्याला काकाजी म्हणत.

आता पायाला बिब्बा लागला कसा, हे समजायला गावाची एक रीत समजून घ्यायला हवी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घरोघर बैलांचे खांदे शेकतात. तुपात हळद कालवायची, पळसाच्या पानानं ते तूप जुवानं घासलेल्या खांद्यावर चोळायचं आणि बैलाला म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे सगळीकडेच करतात. सौंदडनं त्याला आपली एक पुरवणी जोडली होती. बैलांचं उरलेलं तूप घरोघरच्या बाया द्रोणात घालून चावडीवर आणून ठेवायच्या, आणि टीमची पोरं त्या तुपानं एकमेकांचे पाय चोळायची. बैलाचं बळ पायात येतं म्हणे.

काल खुशाल पाहुणा होता, म्हणून एका द्रोणावर झेंडूचं फूल ठेवलं होतं. पाहुण्याचा द्रोण तो. त्यातलं तूप त्याच्या पायाला लागलं. द्रोण कोणाच्या घरचा, फूल कोणी ठेवलं, हे विचारलं तर चावडीवरचा एकही माणूस वर बघेना. रिकामे द्रोण केव्हाच उकिरड्यात गेले होते.

पण गुन्हेगाराचं नाव मात्र सगळ्यांना तोंडपाठ होतं. बकाराम.

बकाराम टीमचा गोलकीपर. खुशाल गेला तेव्हा याच बकारामनं भर बाजारात सांगितलं होतं, की मैदानावर आला तर पाय मोडून ठेवीन. उन्हाळ्यात जंगलातून बिब्बे गोळा करून विकणं हा त्याच्या घरचा धंदा. आणि काल खुशालचे पाय चोळले ते त्यानंच. आणखी काय हवं? चावडीवरची मंडळी म्हणाली, साहेब, बेड्या घाला आणि मोकळे व्हा, बैल तोरणाखाली न्यायची वेळ होऊन राहिली.

बकाराम आपल्या गोठ्यात बसला होता. शेजारी त्याची काटक जोडी उभी होती, खांद्यावर कालच्या हळदीचे पिवळेजर्द पट्टे. सकाळी नाल्यात घासून धुतली तरी हळद काही गेली नव्हती. चुन्नीलालनं त्याला हात पुढे करायला सांगितलं. दोन्ही तळवे सुजलेले, बोटांच्या बेचक्यांत फोड.

"पाय तू चोळले?"

"होय जी."

"तुले कोनी सांगितलं?"

"काकाजीनं. म्हने, तुमचं वैर मिटलं पाह्यजे, पाहुन्याचे पाय तूच चोळ. मी चोळले. गळ्यात पडून रडलो बी दोघं."

"बिब्बा फोडतोस तेव्हा हाताले काय लावतोस?"

"तिळाचं तेल. थे न लावता बिब्ब्याले कोन हात लावते, साहेब?"

मग चुन्नीलालनं विचारलं, खुशालवर एवढा राग होता, तर काल गळ्यात पडून रडलास कसा. बकारामनं मान खाली घातली. त्यानं सांगितलं, की मिलवाल्यांनी त्यालाही बोलावलं होतं. दिवाळीनंतर तोही जाणार होता.

"हे कोनाले ठाऊक होतं?"

"काकाजीले. इजाजत मांगाले गेलो होतो. हसून म्हने, जा, मोठा हो."

शालीकरामच्या अंगणात तोरणाला जायची तयारी चालली होती. त्याची जोडी गावातली मानाची. तिनं तोरणाखाली पहिलं पाऊल टाकल्याशिवाय पोळा फुटत नसे. दोन्ही बैल पांढरेशुभ्र, अंगावर कुठे डाग म्हणून नाही. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, मानेत घागरमाळ. शालीकराम स्वतः त्यांचे गोंडे बांधत होता. त्यानं ठाणेदारांना खुर्ची दिली, खुशालचं नाव काढताच डोळ्यांना उपरणं लावलं. बकारामला फार मोठी शिक्षा होऊ नये, पोरगं अडाणी आहे, असंही म्हणाला.

त्याची बायको रुख्माबाई चहा घेऊन आली. चुन्नीलालनं तिला सहज विचारावं तसं विचारलं, की काल खांदे शेकताना त्या कुठे होत्या. आरतीचं ताट घेऊन गोठ्याच्या दारात उभी होते, ती म्हणाली. घरधन्यानं शेकलं, तिनं ओवाळलं, आणि लगेच वाटीतलं तूप द्रोणात ओतून ती स्वतः चावडीवर देऊन आली. तूप कालवलं कोणी? तिनंच, दुपारी, आणि वाटी देवघरात ठेवली होती. वाटी आता कुठे आहे? देवघरातच. पोळा होईपर्यंत ती धुवत नाहीत.

चुन्नीलालनं चहा तसाच ठेवला आणि मंगरूच्या कानात काही सांगितलं.

तोरणाखाली सारा गाव जमला होता. बैलांची रांग लागली होती, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणाऱ्यांचे गळे सुकत आले होते. सगळ्यांत पुढे शालीकराम, हातात आपल्या जोडीचे कासरे. चुन्नीलाल त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मंगरूच्या हातात एक पितळी वाटी होती.

"मालगुजार, ही वाटी तुमच्या देवघरातली. रुख्माबाईनं स्वतःच्या हातानं देल्ली. बुडाशी कालचं तूप उरलं हाय. तुमच्या बैलांचे खांदे शेकायचे राहून गेले. आता शेका."

शालीकराम हसला. खांदे कालच शेकले, असं म्हणाला.

"शेकले असते त हळद दिसली असती. या रांगेत सगळ्यांच्या बैलांचे खांदे पिवळे हायेत. बकारामच्या बी. तुमच्याच जोडीचे कोरे. घ्या, पान घ्या."

मंगरूनं पळसाचं पान पुढे केलं. लोक बघत होते, त्यामुळे शालीकरामला ते घ्यावं लागलं. त्यानं पान वाटीत बुडवलं आणि हात बैलाच्या खांद्याकडे नेला. बैलानं ओळखीनं मान पुढे केली. हात मध्येच थांबला. पानावरून तुपाचा थेंब खाली मातीत पडला, तरी हात पुढे जाईना.

झडत्या बंद झाल्या.

चुन्नीलाल गावाकडे वळून बोलू लागले. त्यांच्या आवाजात संताप कमी आणि शिसारी जास्त होती. बकारामचे हात सगळ्यांनी पाहिले, ते म्हणाले, आणि तेच त्याच्या गुन्ह्याचा पुरावा धरले. पण बिब्ब्याचा धंदा करणारा माणूस जाणूनबुजून बिब्बा चोळताना हाताला तेल लावल्याशिवाय राहील का? हात सोलले गेले, याचा अर्थ द्रोणात काय आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. मग ते द्रोणात आलं कुठून? बायका बैलांचं उरलेलं तूप आणतात. बिब्बा आधीपासून वाटीत असता तर त्या घरचे बैलही भाजले असते. एकाही घरचा बैल भाजला नाही. म्हणून प्रत्येक जण समजला की बिब्बा नंतर, चावडीवर पडला, आणि चावडीवर तूप हाताळणारा बकाराम.

"एका घरी मात्र बैल भाजले नाहीत, कारण त्यायले तूप लागलंच नाही. मालगुजारानं दुपारीच देवघरातल्या वाटीत बिब्बा घातला. नंतर घालता येत नव्हता, शेकणं झालं की वाटी रुख्माबाईच्या हाती जात होती. संध्याकाळी गोठ्यातल्या अंधारात यानं नुसतं कोरडं पान बैलावरून फिरवलं. बायकोनं आपल्या हातानं द्रोण चावडीवर नेला, तिले बिचारीले काय ठाऊक. यानं आपल्या घरचा द्रोण ओळखला, वर फूल ठेवलं आणि पाय चोळाले बकारामले बसवलं. बकाराम बी जाणार होता. एका द्रोणात एकाचे पाय गेले आणि दुसऱ्याची अब्रू. खुशालले आवतन द्यायच्या वेळीच हे ठरलं होतं."

लोकांनी शालीकरामकडे पाहिलं. तो नाकारील असं सगळ्यांना वाटलं. पण त्याच्या हातात अजून ते पान होतं.

"मी वाढवलं त्यायले," तो म्हणाला. "पहिला बॉल मी आनून देल्ला. माह्या दारचं खाऊन दुसऱ्याच्या दारी जातेत?"

"मग बैलाले काऊन नाही लावलं? चार थेंब लावले असते त मी जन्मभर बकारामच्याच मागं लागलो असतो."

प्रश्नच कळला नाही असा शालीकरामचा चेहरा झाला.

"बैलानं माहं काय बिघडवलं होतं?"

चुन्नीलालनं आयुष्यात बांधाच्या भांडणात फुटलेली डोकी पाहिली होती, विहिरीतून काढलेल्या सुना पाहिल्या होत्या. पण असं उत्तर कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मंगरूला बेड्या घालायला सांगितलं. तेवढ्यात गावातली दोन वडीलधारी माणसं हात जोडून पुढे आली. आता ही मंडळी खुशालची चौकशी करतील, बकारामची माफी मागतील, असं वाटलं होतं. ती म्हणाली, साहेब, मानाची जोडी आहे, तेवढं तोरण पार करू द्या, मग न्या त्याले. आणि उद्याचा सामना होईल ना, मिलवाले त्यांचा खेळाडू नाही म्हणून आले नाहीत तर कप आपल्यालाच ना?

ठाणेदार त्यांच्या पायांपाशी थुंकले, शालीकरामला मंगरूबरोबर ठाण्यावर पाठवलं आणि चालू लागले.

खुशालच्या घरी बकाराम आधीच येऊन बसला होता. त्याला हातांनी काही धरता येत नव्हतं, म्हणून प्रेमिलाबाई दोघांनाही आळीपाळीनं पेज पाजत होती. खुशालचा ताप थोडा उतरला होता. कोण, एवढंच त्यानं विचारलं. चुन्नीलालनं नाव सांगितलं. खुशालनं मान भिंतीकडे वळवली. बाहेर गलका झाला. गावानं दुसरीच कोणाची तरी जोडी पुढे काढून पोळा फोडला होता.

डॉक्टर उद्या पुन्हा येईल, मिलच्या मालकाशी मी स्वतः बोलतो, नोकरी जाऊ देणार नाही, असं चुन्नीलाल सांगत राहिले. उद्याच्या सामन्याचं मनावर घेऊ नकोस, असंही म्हणाले.

"उद्या मी खेलनारच नव्हतो जी," खुशाल भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला. "मिलवाल्यायले सांगून आलो होतो, गावाच्या विरुद्ध पाय उचलनार नाही, ठेवाचं असन त ठेवा. काल काकाजीले हेच सांगाले तोंड उघडलं. त थो म्हने, आधी पाय चोळून घे, मंग बोलू."