गावाचं नाव, पुढे एक-दोन-तीन

प्रेमात पडलेल्या माणसाचं गुपित राहत नाही, असं जाणकार सांगतात. जुन्नरला एसटी स्टँडसमोर सूरजचं सायबर कॅफे होतं. तिथे न पडलेल्यांचंही राहत नव्हतं. गिऱ्हाइकाला ईमेल काढून देताना सूरज एकाच पद्धतीचा पासवर्ड ठेवायचा : गावाचं नाव, पुढे एक-दोन-तीन. गिऱ्हाईक विसरलं तरी एसटीची पाटी वाचून आठवावं, हा उदात्त हेतू.

दोन हजार नऊच्या जूनमध्ये सिद्धी तिथे सीईटीचा निकाल बघायला आली. सूरज चहा सांगायला गेला होता. शेजारी एक म्हातारबाबा, कुशाबा, मुलाचं दुबईहून काही आलंय का ते कळायची वाट बघत बसले होते.

"बाबा, गाव कोणतं?"

"मढ."

सूरज परतला तेव्हा कुशाबा नातवाचे फोटो बघत होते.

"ओ मॅडम, तुमी कसं काय उघडलं?"

"मढची एसटी बघून. घाटघरवाल्यांचंही उघडून दाखवू?"

"लई हुशार दिसताय."

"नाही हो. तुम्हीच फार... भोळे दिसताय."

तिच्या कपाळावर भुरभुर पावसाचे दोन थेंब होते. ते वाळावेत म्हणून सूरजनं पंखा वाढवला. वीजबिलाचा विचार त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या मनात आला नाही.

मग महिनाभर दोघं मिळून गिऱ्हाइकांचे पासवर्ड बदलत बसले. गिऱ्हाइकं शिव्या द्यायची. पण एका कीबोर्डवर चार हात म्हटल्यावर बोटाला बोट लागायचंच, आणि शिव्या ऐकू यायच्या नाहीत.

"मला हेच शिकायचंय," सिद्धी म्हणाली. "आधी कम्प्युटर इंजिनिअरिंग, मग सायबर सिक्युरिटी. पुण्याला."

"पुण्यालाच?"

"इथे आहे काय?"

सूरजनं इकडेतिकडे पाहिलं. "पंखा हाय."

"आणि?"

"आनि... मी आसतो की, आठपास्नं."

सिद्धीचे वडील रमणलाल शेठ कांद्या-बटाट्याचे ठोक व्यापारी. जैन असल्यानं घरात दोन्ही वर्ज्य. दुकानात तिसरं काही नाही. मुलीनं बीकॉम करून दुकान बघावं, असं त्यांचं म्हणणं. कम्प्युटरमधलं कळणारा त्यांच्या ओळखीत एकच माणूस होता. सूरजला त्यांनी दुकानात बोलावून घेतलं.

"पप्पा विचारतील ते खरं सांग," सिद्धीनं आधीच बजावलं. 'सांगा' नाही, 'सांग'.

सूरजनं नुसतं 'यात दम न्हाई' म्हटलं असतं, तर ती जुन्नरातच राहिली असती, रोज कॅफेत आली असती. खरं सांगितलं की चार वर्षं पुणे.

"कुलपं फोडायला शिकवतात म्हणे," शेठ म्हणाले. "आमच्यात चोरी पाप. पोरीला तेच शिकवू का?"



"शेठ, तुमी कांदा खाता?"

"छे."

"पन गोनीत नासका कुठंय ते बाहेरनंच वळखता ना? हे तसंच हाय. चोरी करायची न्हाई, कुठनं व्हईल ते वळखायचं."

शेठनी जवळच्या गोणीवर बोट दाबून पाहिलं.

"पगार?"

"लई आसतोय म्हनत्यात."

"म्हणतात?"

"...आसतोय, शेठ."

आतल्या दाराचा पडदा हलायचा थांबला; मागे सिद्धी ऐकत उभी होती.

संध्याकाळी सिद्धी कॅफेत आली. "पप्पा तयार झाले. तू नाही म्हणाला असतास, तर मी इथेच राहिले असते."

"ते ठावं व्हतं. म्हनून तर खोटं बोलवंना." सूरज माउस उगाच पुसत होता. "मला तू... आवडतीस. आता सांगून उपेग न्हाई म्हना."

"मलाही तू," ती म्हणाली. "उपयोग नसला तरी. चार वर्षं थांबशील?"

"मी कुठं जातोय? दुकान हितंच हाय."

दोघांनी डोळे पुसले — तिनं ओढणीला, त्यानं माउसच्या फडक्याला.

प्रवेशाची यादी लागली. सिद्धीला कम्प्युटर मिळालं, पण पुण्यात नाही. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, अवसरीच्या नव्या सरकारी कॉलेजात. सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी एसटीनं परत जुन्नरला यायचं. विद्यार्थ्यांना पास सवलतीत मिळतो.