अठरा अंशांची सवय

बूमरँग तिसऱ्यांदा घुमटाच्या छतावर आदळलं आणि आबा मटकन खाली बसले. म्हणजे, चंद्रावर जेवढं मटकन बसता येतं तेवढं!

"हात गेला माझा," ते म्हणाले. "सोमवारच्या यानाने पृथ्वीवर परत जातो. इथे बसून काय भिंती मोजू?"

शाल्वीने बूमरँग उचलून आणलं. तिचे हे आजोबा उभा जन्म विमानांचे पंख घडवणारे शास्त्रज्ञ. महिन्यापूर्वी ते वसाहतीत राहायला आले, तेव्हापासून घर कसं भरल्यासारखं वाटत होतं. त्यांनी जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

पण हात गेला असता तर बूमरँग जवळच पडलं असतं. हे तर वर पळत होतं!

"आबा, ते मुळात परत कसं येतं?"

आबा कुरकुरतच सांगू लागले. "उभं फेकलं की फिरताना वरचं पातं पुढे धावतं, खालचं मागे. म्हणून वरच्या पात्यावर उत्थापक बल (हवेचा पंखावरचा रेटा) जास्त. पण ते भोवऱ्यासारखं गरगरत असतं, त्यामुळे कलंडत नाही, वळतं. वळत वळत गोल पुरा करतं."

"मग खाली का पडत नाही?"

"फेकताना अठरा अंश कल द्यायचा. त्यातून थोडा रेटा वर लागतो आणि वजन पेलतो."

"कुठलं वजन? पृथ्वीवरचं?"

आबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

"घुमटातली हवा तिकडच्यासारखीच, पण वजन सहावा हिस्सा. मग कल तीन अंशच पुरे ना?"

आबांनी कपाळावर हात मारला. जगाला पंख शिकवले, पण त्यांचं मनगट अजून सांगलीच्या मैदानावरच होतं.

चौथी फेक जवळजवळ उभी. बूमरँग छान वळलं, पण शेवटी आडवं होऊन पुन्हा वर चढलं. आबांनी पात्यांची टोकं बोटांनी दाबून सपाट केली. "जास्त तरंगावं म्हणून हा बाक मीच दिला होता. इथे तोच नडतो."

पाचव्या फेकीला शाल्वी मोठ्याने सेकंद मोजत राहिली. एकेचाळिसाव्याला बूमरँग संथपणे उतरलं आणि आबांनी ते दोन्ही तळव्यांत झेललं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आबा," तिने भीत भीत विचारलं, "सोमवारी यान किती वाजता?"

"कसलं यान? वही आण आधी. मंगळावरच्या घुमटात किती कल लागेल, ते काढायचंय आपल्याला."